उघाडी

सकाळी नऊला पाण्याचं भांडं बेचाळीस अंशांवर लावते.
मेणात रुतलेलं उंदराचं स्वादुपिंड
पात्यासमोर घट्ट बसवते, हँडल फिरवते.
पाच मायक्रॉनची फीत सुटते, कोमट पाण्यावर पसरते,
तिची सुरकुती जाते.
मीठ धरायच्या आधी पप्पांच्या मिठागरात
अशीच साय यायची कोंडीवर,
फुंकरीनं मोडणारी.
खारघरच्या या चौथ्या मजल्यावर
कुणाला सांगू हे?

डॉक्टर टेंबुलकर उंदराची नळी बांधतात,
केसाहून बारीक धाग्यानं.
उघाडी अडकली की मागचं खाचर कुजतं,
तशी शेपटाकडची बाजू दोन आठवड्यांत विरते.
पाचकरसाच्या पेशी आधी जातात.
बेटं राहतात.
बेटंच म्हणतात त्यांना, इन्सुलिनची बेटं.
आणि उरल्या नळ्यांच्या काठाला
एखादीच पेशी
काल जिला इन्सुलिन ठाऊक नव्हतं
ती आज ते बनवताना सापडते.

कोण ती?
नळीच्या भिंतीत इतके दिवस गप्प बसलेली कुणी,
की बेटावरचीच एक, दुभंगून, सरकत इथवर आलेली?

म्हणून आम्ही नळी बांधायच्या आधीच
इन्सुलिनच्या जुन्या पेशींवर लाल खूण सोडतो.
खूण लेकीबाळींत उतरते.
नवी पेशी लाल निघाली, तर जुनीचीच लेक.
नाही निघाली, तर तिचं माहेर दुसरं.

जुईगावचा बांध फुटला तेव्हा मी आठ वर्षांची.
खांड बुजवायला कुणी आलं नाही.
भात गेलं, चिखल पांढरा पडला,
आणि तिसऱ्या वर्षी खाचरात तिवर उभे.
मी विचारलं, हे बी चिखलातच होतं की भरतीनं आणलं?
पप्पा म्हणाले,
"कुठशी आयलाय ते पानी नाय सांगत.
मुली सांगतील. उपटून बघ."

मंगळवारी रात्री सव्वाआठला, अंधाऱ्या खोलीत,
अकरा पेशी.
हिरव्या चमकणाऱ्या. लाल नसलेल्या.
तीनदा मोजल्या.
डॉक्टर टेंबुलकरांनी चष्मा वर सरकवला, बराच वेळ पाहिलं.
"खूण शंभर टक्के कधीच चढत नाही, हर्षाली.
शंभरातल्या पाच-सहा जुन्या सुटतात.
या अकरा त्यातल्या नसतील कशावरून?"

मला आमचं घर आठवलं.
सिडकोचे सर्वेवाले लाल रंगाचा डबा घेऊन आले होते,
दारादारावर आकडे टाकत गेले.
आमच्या गल्लीत आले तेव्हा जेवणाची वेळ झाली,
का रंग संपला, कोण जाणे.
कागदावर आमचं घर नवीन ठरलं.
आजीच्या आजीनं सारवलेली ओटी,
आणि कागदावर: नवीन.
पप्पांनी सतरा वर्षं हेलपाटे घातले.

तेव्हा खूण नसणं म्हणजे काय,
हे मला डॉक्टरांनी शिकवायची गरज नव्हती.
तरी वाईट वाटलं.

घरी जयेंद्र जेवायला थांबला होता.
नवव्या वर्षापासून त्याचं शरीर
स्वतःचीच बेटं खातंय. आता चौतीस.
दिवसभर न्हावाशेव्याला कंटेनर ओढतो,
केबिनमध्ये थर्मासात पेन.
फ्रीजच्या दारात इन्सुलिन, खालच्या कप्प्यात बोंबलाचा डबा,
बाय रोज ओरडते, वास लागेल औषधाला.

सदरा वर केला. पेन फिरवलं, टिक टिक टिक,
चौदावर थांबला.
"तुझ्या उंदरांचं काय?"
"अकरा," मी म्हटलं.
"अकरा काय?"
"अजून माहीत नाही."
त्यानं सुई टोचली, मनात दहा मोजले,
भात वाढ म्हणाला.

उद्या दुसऱ्या पिंजऱ्यातल्या उंदराचा ठोकळा आहे.
या वेळी खूण आठवडाभर जास्त दिली आहे.
पातं नवीन लावलंय.